'वनमाला' आणि डावा कौल

रविवार, ५ जानेवारी २०२५

डायनिंग टेबलावर बॉम्बर विमान उतरलंय. आज ताट मांडीवर घेऊन जेवलो.

विमान म्हणजे कागद. सहा कागद सेलोटेपने जोडलेले, वर पेन्सिलीने काढलेलं. दुसऱ्या महायुद्धातलं, कॅटलिना नावाचं. समुद्रावर गस्त घालायची, पाणबुडी दिसली की बॉम्ब टाकायचे आणि घरी येऊन बदकासारखं पाण्यावरच बसायचं. आमची श्रुतिका सांगत होती. एकतीस वर्षांची मुलगी, अंधेरीला विमा कंपनीत चांगल्या हुद्द्यावर, आणि दर रविवारी मित्र जमवून खेळ खेळते! खेळाला पट नाही, सोंगट्या नाहीत. ती सांगणार, "खाली काहीतरी चकाकतंय, काय करता?" बाकीचे सांगणार आम्ही काय करतो. जमलं की फसलं ते फासा ठरवणार. वीस तोंडांचा फासा. चार तास एवढंच.

महिनाभर ती ह्या विमानाला खेळात बसवत होती म्हणे. वेग किती, पेट्रोल किती, पत्रा किती मार खाईल, सगळ्याला आकडे दिलेत. तळ ठेवलाय मालवणच्या किल्ल्यामागे. खरा तिथे नव्हता, पण खेळात चालतं म्हणाली.

खेळाडू दोन. श्रेयस बोरिवलीचा, जाहिरातींच्या ऑफिसात आहे, तो पायलट. रेवती मुलुंडची, पण वकिली आमच्या दिंडोशीच्या कोर्टात, तिच्याकडे बंदुका आणि बॉम्ब. तिसरा हर्षद नोकरीसाठी बंगळुरूला गेला, म्हणून एक खुर्ची रिकामी. जानकी तिथे मटार सोलायला बसली. जागा होती म्हणून, बाकी काही नाही. श्रुतिका तिला म्हणाली, "आई, ह्या विमानात झोपायला बर्थ आहेत, आणि एक शेगडीपण आहे."

"मगे जेवान कोण करता?" जानकीने विचारलं.

झालं! सात वाजेपर्यंत आमची मंडळी नॅव्हिगेटर. नकाशा तिच्या हातात. छत्तीस वर्षं हिला गोरेगाव स्टेशनचं पूर्व-पश्चिम मी समजावतोय.

मंगळवार, ७ जानेवारी

डायरी औषधवाल्याने दिली. रेघा इतक्या फिक्या छापल्यात की दिसतच नाहीत. जाड मार्करने लिहितो. पाचा-सहा ओळींत पान भरतं. रविवारचं लिहिता लिहिता वीस तारखेच्या पानावर पोचलो.

रविवार, १२ जानेवारी

मी मधे पडणार नव्हतो. पेपर समोर धरून बसलो होतो. तेवढ्यात श्रेयस म्हणाला, "चला, बारा तास उडून झाले." आणि पुढे निघाला!

मी विचारलं, "ऑइल?"

गिरणी बंद पडल्यावर बावीस वर्षं भाऊच्या धक्क्यावर लाँचची इंजिनं उघडली मी. बारा तास इंजिन चालतं आणि ऑइल कोणी बघत नाही! ते इंजिन आहे की भिंतीवरचं घड्याळ? श्रुतिकाला सांगितलं, चार चार तासांनी ऑइल बघितलं नाही तर तुझं विमान पाणबुडीच्या आधीच बुडेल. तिने लगेच वहीत नवा नियम लिहिला. मग म्हणाली, "बाबा, नियम केलात, आता माणूस कुठून आणू?"

तर मी फ्लाइट इंजिनियर झालो. ह्या विमानात पंखाखाली एक अरुंद खोपट असतं. त्यात इंजिनियर एकटा बसतो. समोर काटे. पुढचं फारसं काही दिसत नाही. मला जागा आवडली.

विमानाला नाव नव्हतं. मी वनमाला ठेवलं. माझी आत्या. जड, संथ, आणि डोक्यावर आंब्याची पाटी घेऊन आमच्या कट्टा गावाहून मालवणपर्यंत चालायची, वाटेत बसायची नाही. श्रुतिकाने कागदावर लगेच लिहिलं.

फासा कपाटाखाली पळतो, म्हणून जानकीने पद्धत घातली: स्टीलच्या पेल्यातून हलवून ताटात टाकायचा. मी टाकतो. वाचायला दुसऱ्यांना सांगतो. म्हटलं, मी काट्यांकडे बघतोय.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. जिन्यात खालच्या कुंदाताई उभ्या होत्या, तिळगूळ पुढे केला, गोड बोला म्हटलं. हूं नाही की चूं नाही. शिष्ट बाई! वर येऊन जानकीला सांगितलं. ती म्हणाली, कुंदाताई चार दिवस लेकीकडे आहेत. जिन्यात त्यांचा गाऊन वाळत घातलाय.

जिन्यात दिवा लावायला सोसायटीला पत्र लिहिलं पाहिजे.

रविवार, १९ जानेवारी

आज उड्डाणाआधी गाऱ्हाणं घातलं. म्हणजे श्रेयस "निघूया" म्हणाला आणि माझ्या तोंडून आपसूक निघालं. दर्यावर जायचं आणि देवाला सांगायचं नाही, हे आमच्या रक्तात नाही.

"बा देवा म्हाराजा, आज ही लेकरां वनमालेक घेऊन दर्यार चालली हत. खंय इंजिन खोकला, खंय पेट्रोल गळला, खंय कोणाची वाकडी नजर पडली, तर ती बारा वाटांनी काढून टाक रे म्हाराजा!"

जानकी ठणकावून म्हणाली, "व्हय म्हाराजा!" दुसऱ्या ओळीपासून ती दोघंही म्हणायला लागली. रेवती जरा जास्तच मोठ्याने. शेजाऱ्यांनी बेल वाजवून विचारलं, आज काय आहे तुमच्याकडे. श्रेयसने सांगितलं, "गस्त."

पुढे वाद झाला. श्रुतिकाने प्रत्येकाला शर्टाचं एक बटण दिलं होतं. फासा वाईट पडला तर बटण परत द्यायचं आणि पुन्हा टाकायचा. ऑइलच्या वेळी माझा वाईट पडला. सगळे म्हणाले, काका, बटण द्या. मी नाही म्हटलं. आमच्या गावी देवाला कौल लावतात. गुरव मूर्तीला पाकळ्या चिकटवतो आणि आपला प्रश्न विचारतो. उजवी पाकळी पडली तर हो, डावी पडली तर नाही. आवडलं नाही म्हणून परत चिकटवायची नसते. फासा म्हणजे तरी दुसरं काय?

रेवती म्हणाली, "काका, अपील तरी असतंच ना?"

"कोर्टात. देवळात नाही."

अर्धा तास खल झाला. वनमाला तेवढा वेळ हवेतच. शेवटी नियम झाला, श्रुतिकाने लिहून वाचून दाखवला: पहिला कौल तोच कौल. जानकी ह्यालाही व्हय म्हाराजा म्हणाली आणि बटणं तिच्या डब्यात परत गेली. श्रुतिका मला म्हणाली, "पण मग मीही सूट देणार नाही हां बाबा. ताटात जे पडेल ते. तुम्हालासुद्धा." मी म्हटलं, शाब्बास.

मुलगी माझ्यावर गेलीय.

बुधवार, २२ जानेवारी

इथे कोणी वाचत नाही, तर लिहून टाकतो. रेघा फिक्या नाहीत. जिन्यात दिवाही आहे.

दोन वर्षांपूर्वी डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजवा आधी काढून घ्या. मी म्हटलं, देवाला विचारून सांगतो. गावी गेलो. जानकीचा गुडघा दुखत होता, ती आली नाही. परत आलो आणि तिला सांगितलं, डावा कौल. विषय संपला. देवापुढे ती बोलत नाही.

धोंडूदादाचा, माझ्या थोरल्या भावाचा डोळा ऑपरेशननंतर गेला. चाळीस वर्षांपूर्वी, कुठल्याशा शिबिरात. पट्टी काढली तेव्हा मी समोर उभा होतो. तो मला विचारत होता, "कोण हा रे थंय?"

मला भीती वाटते. बास.

रविवार, २ फेब्रुवारी

विमानाच्या पोटाला दोन्ही बाजूंना काचेचे फुगे आहेत, तिथून टेहळणी करतात. श्रेयस म्हणाला, काका, आज तुम्ही बसा टेहळणीला, खोपटात कंटाळला असाल. फासा टाकला. सगळे माझ्याकडे बघत राहिले, म्हणून मीच वाचला. "अठरा."

रेवती हळूच म्हणाली, "काका... तीन आहे."

मी म्हटलं, ट्यूबलाइट मंद झालीय. दुपारीच नवी आणून बसवली. संध्याकाळी परत तेच, सोळाचे सहा निघाले. आता खोलीत दोन ट्यूबलाइट आहेत, श्रेयस गॉगल लावून विमान चालवतो.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

गोरेगाव स्टेशनला जायला बसमध्ये बसलो. पाटी वाचत बसायची गरज काय, चाळीस वर्षं त्याच बसने जातोय. कुर्ल्याला उतरलो.

घरी सांगितलं, मुद्दाम गेलो होतो, गिरणीतल्या मित्राला भेटायला. जानकी म्हणाली, तो चार वर्षांपूर्वीच गावाक गेलो. मी म्हटलं, म्हणून तर भेटला नाही.

रविवार, १६ फेब्रुवारी

शोभा झाली.

ऑइल बघायची वेळ झाली. जानकीने पेला माझ्या हातात दिला. नीट हलवला, ताटात टाकला. टण्ण आवाज आला, जरा भरीव, पण माझं लक्ष काट्यांकडे. ताटात वाकून बघितलं. हल्ली मी रंगावरून आणि डागांवरून अंदाज काढतो, बऱ्याचदा जवळपास जमतो. म्हटलं, "चौदा."

श्रेयस खोकला. मग म्हणाला, "चौदा चालेल काका. चौदा झकास आहे."

जानकीने ताटातून चौदा उचलला, अडकित्त्यात धरला आणि कट्टकन फोडला.

सुपारी होती.

अर्धं खांड तोंडात टाकून ती म्हणाली, "तुमका काय्येक दिसणा नाय. दोन वर्सां झाली, मी गप ऱ्हवलंय. आता नाय ऱ्हवणार."

श्रुतिकाचा चेहरा मला दिसला नाही. पण ती वही बंद करून आत गेली ते ऐकू आलं. रेवती म्हणाली आज इथेच थांबूया. वनमाला अर्ध्या वाटेवर, समुद्राच्या वर, तशीच थांबलीय.

मला हसू आलं असतं, दुसऱ्या कोणाचं असतं तर.

सोमवार, १७ फेब्रुवारी

मला धरून डॉक्टर दर्शनाबाईंकडे नेलं. दोन वर्षांपूर्वीच्याच त्या. त्यांनी टॉर्च मारून दोन्ही डोळे बघितले. मग म्हणाल्या, "काका, उजवा आता पूर्ण पिकलाय. आणखी थांबलात तर आत दाब वाढेल आणि डोळा हातचा जाईल. मग मी काही करू शकणार नाही."

मी म्हटलं, देवाने डावा कौल दिलाय.

रिक्षाचे पैसे श्रुतिकाने दिले. घरात शिरल्यावर म्हणाली, "बाबा, महिनाभर तुम्ही फासा टाकताय आणि मी समोर बसून तुम्हाला दिसत नाही हे मला कळलं नाही. मला स्वतःचाच राग येतोय." तिला काय सांगू? लपवायला मला दोन वर्षांचा सराव होता.

जानकीने एकच विचारलं. "देवाक परत इचारूया?"

मी म्हटलं, परत विचारायचं नसतं. पहिला कौल तोच कौल. तूच व्हय म्हाराजा म्हणालीस.

ती उठून भाकऱ्या थापायला गेली. ह्या घरात इतक्या जोरात भाकऱ्या कधी थापल्या गेल्या नव्हत्या.

गुरुवार, २० फेब्रुवारी

आज तिने उपाय काढला. "तुमच्या देवाक नको. वनमालेक इचारूया. ती तुमची आत्या ना? रविवारी शेवटची गस्त. इमान घराक इला तर ऑपरेशन करूचा. नाय इला तर मी परत नाव काढूचंय नाय. कबूल?"

मी जरा विचार केला. म्हणजे विचार केल्यासारखं केलं. वनमालेचे सगळे आकडे मला पाठ आहेत. शेवटची गस्त सगळ्यात लांबची, श्रुतिका मुद्दाम अवघड करणार, ती कोणाला सोडत नाही. पेट्रोल मोजून आहे. एक गोळी लागली की खेळ खलास. वनमाला परत येत नाही, हे मी लिहून देतो.

म्हटलं, कबूल.

रविवार, २३ फेब्रुवारी

सगळं लिहायचं तर एप्रिल-मेची पानं संपतील. पण लिहितो.

गाऱ्हाणं जानकीने घातलं, मला घालू दिलं नाही. मागची अर्धी गस्त श्रुतिकाने रद्द धरली आणि वनमाला पुन्हा तळावरून निघाली. नऊ तास काही नाही. जानकीने विमानात पेज आणि सुका बांगडा केला, रेवतीने तो लिहून घेतला, श्रुतिकाने सगळ्यांना हुशारीचा एक आकडा वाढवून दिला. मग पाणबुडी दिसली. रेवतीने बॉम्ब टाकला, फासा वीस पडला. वीस! पाणबुडी खलास. ती खुर्चीवर उभी राहून नाचली. कोर्टात काय करते कोण जाणे.

पण बुडता बुडता तिने गोळ्या झाडल्याच. श्रुतिकाने फासा टाकला आणि म्हणाली, "डावं इंजिन."

मी मनात म्हटलं, बघ. डावंच.

डावं इंजिन बंद, टाकी गळतेय, मालवण चार तास लांब. श्रुतिकाने नियम सांगितला: फासा एकच, टाकायचा बाबांनी, वीस पडला तरच घर. मग ह्यांनी वजन कमी करायला सुरुवात केली. जे फेकाल त्याचा एक आकडा कमी. बंदुका फेकल्या, एकोणीस. बर्थ फेकले, अठरा. नांगर फेकला, सतरा. श्रेयस म्हणाला, काकू, शेगडी. जानकी म्हणाली, "शेगडी ऱ्हवांदे." त्याने हात जोडले. रेवतीने युक्तिवाद केला. शेगडी राहिली.

सतरा. तेवढे किंवा जास्त, म्हणजे विसांत चारच वेळा. मी अगदी निवांत होतो.

आणि मग माझं तोंड उघडलं. मला सांगायचं नव्हतं! गप्प बसलो असतो तर कोणाला सुचणार नव्हतं. पण बावीस वर्षं इंजिनात हात घातलेल्या माणसाच्या समोर चांगली टाकी समुद्रात गळतेय, आणि तो बघत बसेल? म्हटलं, "डाव्या टाकीतलं पेट्रोल उजव्या इंजिनाला जोडून घ्या. गळून जायच्या आधी. आणि डाव्याचा पंखा आडवा करा, वारा अडवतोय."

श्रुतिका बराच वेळ वही चाळत होती. म्हणाली, "दोन आकडे कमी. पंधरा."

जानकीने माझ्याकडे बघितलं असावं.

पेला हातात घेतला. खरं सांगतो, त्या क्षणी मला काय हवं होतं ते मला कळेना. डोळा कापून घ्यायचा नव्हता. आणि वनमालेलाही बुडू द्यायचं नव्हतं. आत जानकी होती, शेगडीशी. हलवला. टाकला. फासा ताटात गोल गोल फिरत राहिला, मग थांबला.

मी वाकून बघितलं. पांढुरकं काहीतरी. मी "हं" म्हटलं, दिसल्यासारखं.

"सतरा," रेवती म्हणाली.

मग श्रेयस म्हणाला, "सतरा! काका, सतरा!"

मी श्रुतिकाकडे तोंड केलं. ती सूट देत नाही. वही मिटल्याचा आवाज आला. मग तिने सांगायला सुरुवात केली: समोर किल्ल्याचा तट दिसतो, उजवं इंजिन खोकतं पण चालतं, पोट पाण्याला लागतं, दोन्ही बाजूंना पाण्याचे पडदे उठतात, आणि वनमाला बसते. श्रेयसने नेहमीसारखा ताटाचा फोटो काढला, प्रत्येक गस्तीनंतर काढतो आणि आमच्या ग्रुपवर टाकतो.

जानकी एवढंच म्हणाली, "व्हय म्हाराजा."

पहिला कौल तोच कौल. नियम माझाच. वाट लागली.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

चार मार्च, सकाळी नऊ. जेवण जात नाही.

मंगळवार, ४ मार्च

निघतोय. काही झालं तर हे शेवटचं पान जानकीने वाचू नये. तिला मार्करचं लिहिलेलं लांबूनही वाचता येतं, म्हणून डायरी तांदळाच्या डब्यामागे ठेवली.

गुरुवार, ६ मार्च

हे साध्या पेनने लिहितोय! निळ्या. रेघांवर. रेघा चांगल्या ठसठशीत आहेत, औषधवाल्याची माफी.

ऑपरेशन वीस मिनिटांत झालं, दुखलं नाही. इतक्यासाठी दोन वर्षं! दादाला हे मिळालं असतं तर. पट्टी काढली तेव्हा पहिली जानकी दिसली. म्हटलं, नवी साडी? म्हणाली, "सात वर्सांची जुनी." निळी आहे. मी तिला राखाडी समजत होतो. श्रुतिकाच्या कानाजवळ चार-पाच केस पांढरे झालेत. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. पंखा भयंकर कळकट आहे.

मग टेबलाशी जाऊन विमान बघितलं. पहिल्यांदाच. दोन महिने त्यात बसून लढलो आणि बघितलं आज! काय काढलंय पोरीने. रिवेटसुद्धा एकेक. आणि पंखाखालच्या खोपटात एक चिमुकला माणूस, टक्कल, मिश्या, बनियन. मांडीवर ताट. खाली तारीख घातलीय, पाच जानेवारी. मी ऑइल विचारायच्या आधीच तिने मला तिथे बसवलं होतं.

तिला काही बोललो नाही. पंखा पुसत बसलो, म्हणजे डोळ्यात धूळ गेली म्हणता येतं. डॉक्टरांनी पंखा पुसायला मनाई केलीय हे नंतर कळलं, दोघींनी मिळून झापलं.

शनिवार, ८ मार्च

फोन वाचता येतो. दुपारभर ग्रुपवरचे जुने फोटो बघितले. तेवीस फेब्रुवारीचा सापडला. ताट, कडेला माझा अंगठा, तुटक्या नखाचा. मधे फासा. फासाही निळा आहे.

वर चार.

मोठा केला. चारच. बाजूला सतरा कुठे नाही. खाली रेवतीने हात जोडलेत, श्रेयसने विमान टाकलंय, श्रुतिकाने काहीच लिहिलं नाही, आणि शेवटी माझाच आवाज पाठवलेला: "सतरा! झकास!"

म्हणजे नियमावर नियम काढणारी वकीलबाई पहिली खोटं बोलली. सूट न देणारी मुलगी त्याला हो म्हणाली. बायको तर कौलाला व्हय म्हाराजा म्हणाली. बटणं ठेवली असती तर निदान पुन्हा टाकता आला असता, तोही रस्ता मीच बंद केलेला. वनमाला समुद्राच्या तळाशी आहे, शेगडीसकट.

संध्याकाळपर्यंत फोन उपडा ठेवून खिडकीत बसलो. जानकीने विचारलं, डोळा दुखतो काय? म्हटलं, नाही. चांगला दिसतो.

रविवार, ९ मार्च

तीन वाजता सगळे येतील, आज नवी गस्त. फोटोबद्दल मी काही बोलणार नाही. दोन वर्षांपूर्वी गावी ती पाकळी उजवीच पडली होती. गुरवाने दोनदा सांगितलं, उजवा कौल, बिनधास्त कर. डावा मी दिंडोशीला येऊन दिला.

फिट्टंफाट.